बागेतला पालथा दगड

मास्तर बागेत शिरताना चपला काढत. फाटकाच्या आत, जास्वंदीच्या कुंपणाखाली त्या नीट जोडून ठेवत आणि मग अनवाणी फिरत. देवळात जाताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "देवळात देव आहे, तो सांभाळून घेतो. इथं माणसं उभी आहेत."

इथं म्हणजे भोरच्या नदीकाठच्या बागेत. मी तेव्हा इंग्रजी शाळेत शिकायला भोरला राहत होतो आणि मास्तर आम्हांला चित्रकला शिकवत. आता मी पुण्यात कॉलेजात आहे. आमच्या वाडीतून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे काही लिहायचं म्हटलं की आधी भीती वाटते. पण मास्तरांविषयी दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

त्यांचा काळा कोट खडूने पांढुरका झालेला असे. खिशात भुईमुगाच्या भाजक्या शेंगा असत. दाणे ते खात, टरफलं पुन्हा खिशातच टाकत, बागेत एकही टाकत नसत. हातात बारा महिने छत्री, पण ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. छत्रीने ते मोजत. बागेतली तोफ अडीच छत्र्या, कारंजं चार छत्र्या. शाळेतली फूटपट्टी त्यांना पटत नसे. तिच्यावरचे आकडे कोणी ठरवले ते माहीत नाही म्हणत. छत्री निदान स्वतःच्या हाताने विकत घेतलेली होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमचा वर्ग ते बागेत नेत. पाट्या-वह्या मांडीवर घेऊन आम्ही गवतावर बसायचो आणि समोरची वस्तू काढायचो. बागेत मधोमध एका साहेबाचा संगमरवरी अर्धपुतळा आहे. साहेब कधी काळी दौऱ्यावर आला होता. त्याचं नाक काढणं फार अवघड. आम्ही नाकाशी झटत असताना मास्तर मागून येत आणि भलतंच विचारत. साहेब कोणाकडे बघतोय? आम्ही मान वळवून पाहायचो. साहेब कचेरीकडे बघत होता, बाजाराकडे त्याची पाठ होती. मास्तर एवढंच म्हणत, "हं. मग पाठही काढा."

फाटकाजवळच्या भिंतीत महायुद्धावर गेलेल्या शिपायांची पाटी आहे. तिच्यावर किती गेले आणि किती परत आले नाहीत ते कोरलं आहे. कारंज्यावर देणगीदाराचं पूर्ण नाव आहे, त्याच्या वडिलांचं आहे, आजोबांचंही आहे. एकदा मास्तरांनी आम्हांला दोन्ही पाट्या शेजारी शेजारी उतरवून घ्यायला लावल्या. उतरवून झाल्यावर माझ्या बाजूच्या मुलाने विचारलं, की मास्तर, युद्धातल्या माणसांना नावं नव्हती का? मास्तर इतके खूश झाले, की खिशातल्या सगळ्या शेंगा त्यांनी त्या मुलाला देऊन टाकल्या.

त्या काळात संस्थानात गावोगाव प्रजेच्या हक्कांसाठी सभा भरू लागल्या होत्या. मास्तर सभेला जात नसत. गर्दीत त्यांना ऐकू येत नसे. पण सभेला जाणारी दोन-चार तरुण मंडळी संध्याकाळी बागेत त्यांच्या मागे मागे फिरत असत, ते मी पाहिलं आहे.

बागेच्या मागच्या अंगाला पाण्याचा हौद होता. हौदाच्या काठाला एक लांबट दगड आडवा घालून चुन्याने पक्का केलेला होता. त्याची पाठ सपाट होती, म्हणून उत्रोलीहून येणारा माळी त्यावर खुरपं घासायचा, धोतरही धुवायचा. त्या दगडाखालची माती पाण्याने वाहून गेली होती आणि मनगट जाईल एवढी फट पडली होती. एका शनिवारी मास्तर कोटासकट तिथं पोटावर पालथे पडलेले आम्हांला दिसले. डोळे मिटलेले, एक हात दगडाखाली, दुसऱ्या हाताने कागदावर काहीतरी काढत होते. माळी शेजारी उभा राहून त्यांना हसत होता. मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "पाय लागतोय. माणसाचा नाही."

माळ्याला आपल्या बापाकडून एवढंच ठाऊक होतं, की फार पूर्वी कोणा हौशी अधिकाऱ्याने जुना कोरीव दगड बागेत मांडायचा म्हणून राजगडाच्या अंगाने गाडीतून आणवला. दगड आला आणि अधिकाऱ्याची बदली झाली. पुढे तो हौदाला लागला. मास्तरांनी दगड उलटून पाहायची परवानगी मागितली. बागेच्या ओव्हरसियरने हौद गळेल म्हणून नाही म्हटलं. तेव्हापासून मास्तर दर शनिवारी तिथं पालथे पडत, आणि त्यांच्या वहीत पाय, शेपूट, खूर असे सुटे सुटे अवयव जमत गेले.

आता माझं सांगतो. मी धनगराचा मुलगा. गुंजवण्याच्या वर, राजगडाच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमची वाडी आहे, आठ-दहा खोपटांची. तिकडचा पाऊस मेंढरांना सोसत नाही. म्हणून पाऊस लागायच्या आत सगळी वाडी मेंढरं घेऊन पूर्वेला, सारोळ्याच्याही पुढे कोरड्या मुलखात जाते आणि दिवाळीच्या सुमाराला परत येते. तेवढे महिने वाडीत कोणी नसतं.

वाडीच्या तोंडाशी एक खड्डा आहे. हातभर लांब, वीतभर खोल, भोवती धोंडे रचलेले. निघायच्या दिवशी आमची माणसं त्यात दूध ओततात, भंडारा टाकतात, आणि आबा, म्हणजे माझे वडील, ढोलावर ओवी म्हणतात. मी लहानपणी विचारलं, की इथं देव कुठं आहे? तर आबा म्हणाले होते, वीर मोहिमेवर गेलाय. आबांच्या आज्याच्या वेळेला वाडी पूर्वेकडून परत आली तेव्हा लढताना पडलेल्या त्या वीराचा कोरीव दगड, वीरगळ, जाग्यावर नव्हता. वाडीवर कोणी नव्हतंच, तेव्हा कोणी नेलेला कोण पाहणार? म्हाताऱ्यांनी विचार केला, आपण मेंढरामागं मुलूख हिंडतो, तसा तो बी निघाला. जागा झाडून ठेवायची. आला तर त्याला ओळखीची वाटली पाहिजे.

भोरला आल्यावर मला या गोष्टीची लाज वाटू लागली. बाकीच्या मुलांच्या गावात देऊळ होतं, मूर्ती होती. आमच्याकडे खड्डा होता.

एकदा मास्तरांनी सांगितलं, की आपापल्या गावची उभी केलेली खूण काढून आणा. मुलांनी कळस काढले, वेशी काढल्या. मला खोटं देऊळ काढायचं सुचलं होतं, पण मास्तरांसमोर धीर झाला नाही. मी धोंड्यांचं एक कडं काढलं, मध्ये कोरं ठेवलं. वर्ग हसला. कोणीतरी विचारलं, चूल का रे? मास्तरांनी मात्र ते चित्र उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. मग त्यांनी मला वर्गाबाहेर नेऊन सगळं विचारलं. दगड गेला तो किती वर्षांपूर्वी? ओवीत काय आहे? मी ओवी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नको. एक शब्दही नको," ते म्हणाले. "मला कळता कामा नये."

त्याचा अर्थ मला पुढच्या महिन्यात कळला. बागेच्या कमिटीने बँडसाठी चबुतरा बांधायचं ठरवलं. हौद काढून टाकायचा आणि त्याचे दगड फोडून चबुतऱ्याच्या पायात भरायचे. कमिटीचे अध्यक्ष एक रावसाहेब होते. गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांना बँडचा भारी नाद. मास्तर अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेले. अर्जात मजकूर दोन ओळींचा होता आणि खाली वहीतले सगळे पाय आणि खूर काढलेले होते. रावसाहेब म्हणाले, की डोंगरात असले दगड पायलीचे पन्नास सापडतील. धुण्याच्या दगडाला स्मारक म्हणायचं असेल तर आधी त्याचा कोणी वारस दाखवा. चबुतऱ्याची कुदळ पडेल त्या सकाळी वारस हजर असला तर बघू, नसला तर दगड पायात जाईल.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. शाळेतली मास्तरांची नेमणूक पक्की नव्हती. ती दर वर्षी नव्याने मंजूर व्हायची, आणि मंजूर करणाऱ्यांत हेच रावसाहेब होते. हेडमास्तरांनी आमच्या मास्तरांना बाजूला घेऊन समजावलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन आमच्या वाडीकडे चालायला लागले.

दिवसभराची वाट. मास्तर अनवाणी नव्हते, पण चढाला लागल्यावर चपलेचा अंगठा तुटला, म्हणून झालेच. खिंडीत त्यांनी राजगडाकडे छत्री रोखून त्याची उंची मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. वाडीशी आलो तेव्हा आबा खोपटासमोर बसून चातीवर लोकर कातत होते. मास्तर त्यांच्याकडे गेले नाहीत. आधी खड्ड्याशी गेले, वाकून नमस्कार केला, मग येऊन आबांसमोर मातीत बसले. आबांनी मला डोळ्यांनीच विचारलं, हे कोण?

मास्तरांनी सगळं सांगितलं. आबा चाती फिरवत ऐकत होते.

"तुमचा तो दगूड आमचा न्हवं, मास्तर," ते शेवटी म्हणाले. "आमचा मोहिमेवर गेलाय."

"मोहिमेवरून परत यायला किती दिवस लागतात?"

"जिकस्तवर."

मास्तर जरा पुढे सरकले. "आणि जखमी होऊन कुठं पालथा पडला असेल तर?"

आबांच्या हातातली चाती थांबली. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू हे मी आधीच का सांगितलं नाही असं विचारत होते.

"मंग आनाय जावं लागतंय," ते म्हणाले.

तेवढ्यात चुलत्यांनी ओवी सुरू करायला ढोल ओढला. मास्तर घाईघाईने उठले आणि कानांवर हात ठेवून पार ओढ्यापर्यंत गेले. वाडीला वाटलं, पाहुण्याला वेड आहे. मीच समजावून सांगितलं, की मास्तरांनी आधी ऐकलं तर तिकडचे लोक म्हणतील, धनगरांना यांनी पढवून आणलं. आबांना ते पटलं. म्हणाले, माणूस येडा हाय, पर येडं कामाचं हाय.

कुदळ पडायच्या सकाळी आबा आणि वाडीतले चौघे भोरला आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठ्या, एकाच्या गळ्यात ढोल. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. काठ्या आणि घोंगड्या घेऊन बागेत शिरायची रीत नव्हती. आमची माणसं बाजाराला येत तेव्हा बागेच्या कडेने जात, आत कधी गेलेली नव्हती. आबा मागे सरले. मी पुढे होऊन काही बोलायला हवं होतं, पण माझी जीभ उचलली नाही. हे लिहिताना अजून वाईट वाटतं. मास्तर आतून आले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "रावसाहेबांनी वारस बोलावलाय. हा वारस. अडवायचं असेल तर रावसाहेबांना जाऊन सांग." पहारेकरी बाजूला झाला. आबांनी कुंपणाखालच्या चपला पाहिल्या आणि आपल्या वहाणा त्यांच्या शेजारी काढल्या. मग चौघांनीही काढल्या.

हौदाशी बरीच माणसं जमली होती. रावसाहेब, कमिटीचे दोघे, ओव्हरसियर, गवंडी, आमचा अख्खा वर्ग आणि सभेला जाणारी ती तरुण मंडळी. हौद आधीच रिकामा केला होता. दगड अजून पालथाच होता. रावसाहेबांनी आबांना विचारलं, हा दगड तुमचा कशावरून?

"तसं म्या कसं सांगू?" आबा म्हणाले. "म्या त्यो बघितलेलाच न्हाई. माझ्या बापानं बी न्हाई."

लोक हसले. रावसाहेबही हसले आणि गवंड्याकडे वळले. मास्तर दगडाशेजारी जाऊन उभे राहिले. छत्री त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"पर ओवीत हाय त्यो सांगतो," आबा म्हणाले. "मंग उलटा. न्हाई जुळला तर फोडा, आमी वाटंला लागतो."

त्यांनी ढोलवाल्याला खूण केली. ढोल हलकेच वाजू लागला आणि आबा ओवी म्हणू लागले. मी ती शंभर वेळा ऐकली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा चित्र काढणाऱ्याच्या कानांनी ऐकली. तळाला मेंढरं आहेत, एकमेकांच्या पाठीवर माना टाकून उभी. त्यांच्या पुढे वीर, हातात काठी, तलवार नाही. त्याच्यावर चाल करून आलेले चार घोडेस्वार. वीराच्या पायाशी त्याचा कुत्रा, आणि कुत्र्याने पुढच्या घोड्याचा पाय तोंडात धरलाय. वरच्या पट्टीत वीराला दोन बाया पालखीत घालून नेतायत आणि कुत्रा पालखीखालून चाललाय. सगळ्यांत वर महादेव, चंद्र आणि सूर्य.

ढोल थांबला. कुत्र्याचं ऐकल्यावर मास्तरांनी वही उघडली होती आणि आपली सुटी चित्रं बघत ते तसेच उभे होते. एका पायाच्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं होतं.

रावसाहेबांनी मान हलवली. गवंड्याने पहार घातली. आमच्या चौघांनी काठ्या टाकून हात लावला, माळ्याने लावला, आणि मग मीही लावला. दगड सुटला, कलला आणि उताणा झाला. त्याच्या तोंडावर चिखल होता. माळी आपलं मुंडासं सोडून पुसायला बसला.

आधी मेंढरं दिसली, एकमेकांच्या पाठीवर माना टाकलेली. मग काठी. मग कुत्रा, आणि त्याच्या तोंडात घोड्याचा पाय. वर पालखी, आणि पालखीखाली पुन्हा तोच कुत्रा. मुलं बघायला पुढे घुसली. शेवटी ओव्हरसियर खाली वाकला, बोटाने मोजलं आणि म्हणाला, "पण स्वार दोनच आहेत. ओवीत चार होते."

आबांनी दगडाकडे पाहिलं.

"दोघं पळाली असतील," ते म्हणाले.

पहिले हसले ते रावसाहेब. इतके हसले, की डोळे पुसू लागले. मग सगळी बाग हसली, वर्ग टाळ्या वाजवू लागला, आणि तरुण मंडळींनी माळ्यालाच खांद्यावर घेतलं, कारण मास्तर जागचे हलेनात. मास्तर दगडापाशी गुडघ्यांवर बसले होते आणि ज्या पायाला त्यांनी इतके शनिवार अंधारात चाचपलं होतं, त्या पायावर उजेडात बोट फिरवत होते. रावसाहेबांनी तिथंच सांगितलं, की चबुतरा दुसरीकडे होईल. दगड वारसांनी न्यावा, गाडी कमिटी देईल. पुढच्या वर्षी मास्तरांची नेमणूक कायमची झाली, तीही त्यांच्याच शिफारशीने.

मला वाटलं होतं, आबा आनंदाने गाडी जुंपतील. पण ते बागेत फिरत राहिले. साहेबाच्या पुतळ्याला एक चक्कर मारली, तोफेला हात लावून पाहिला, शिपायांच्या पाटीवर काय आहे ते माझ्याकडून वाचून घेतलं. मग चौघांशी कुजबुजून परत आले.

"न्हाई न्यायचा," ते म्हणाले. "हितंच हुबा करा."

मास्तरांनी विचारलं, वाडीचं काय? तुमची जागा रिकामीच राहील.

"तिथं बघाय आमी हाओत. हितं आमच्यातलं कुनीच न्हाई. ह्यो एवढा लांब आलाय त्यो काय धुनं बडवून घ्यायला? आता हितं त्याची मोहीम. वर्साला आमी ढोल घिऊन यिऊ."

पुढच्या आठवड्यात दगड उभा झाला, साहेबाच्या पुतळ्यापासून सहा छत्र्यांवर, फाटकाकडे तोंड करून. खाली पाटी हवी होती. ओव्हरसियरने वीराचं नाव विचारलं. ओवीत नाव नाही. आबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, आमच्यातला हाय, एवढंच लिवा. मास्तरांनी अक्षरं काढायचं काम माझ्याकडे दिलं. मी शिळेवर कोळशाने रेखलं, 'आमच्यातला एक', आणि पाथरवटाने ते कोरलं. माझ्या हातची अक्षरं वहीबाहेर पहिल्यांदाच कुठं तरी राहणार होती, म्हणून मी ती फार जपून, बारीक आणि रेखीव काढली होती.

आबांनी पाटी पाहिली. मागे सरकत सरकत फाटकापर्यंत गेले आणि तिथून ओरडून म्हणाले, की लई बारीक हाय, हितनं वाचता येत न्हाई.

"तुम्हांला जवळूनही वाचता येत नाही," मास्तर हसून म्हणाले.

"मला नगं येऊ दे," आबा म्हणाले. "आमची बाजाराची मानसं फाटकाभाईर हुबी ऱ्हात्यात. त्यांच्या पोरास्नी तिथनं वाचाय आलं पायजे."

पाथरवटाने कपाळाला हात लावला. मास्तरांनी ती पाटी काढून टाकायला लावली आणि नवी शिळा आणवली. या वेळी मी एकेक अक्षर वीतभर उंच काढलं. साहेबाच्या नावापेक्षा मोठं, देणगीदाराच्या आजोबांच्या नावापेक्षाही मोठं. आबा पुन्हा फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले आणि मला तिथं बोलावलं. म्हणाले, वाच. मी रस्त्यावरून, जाणाऱ्या-येणाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं.